१४ किलोमीटरचा मोह: स्पेनपर्यंत जातोय तर मोरोक्कोही करायचं का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा घाईत आणि एकदा नकाशा समोर ठेवून. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ऑक्टोबरच्या मधल्या दोन आठवड्यांत तुम्ही चौघं स्पेन-पोर्तुगाल करताय, तुम्ही, मिस्टर, अकरावीतली लेक आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. एकूण १३ रात्री: बार्सिलोना ३, माद्रिद २, ग्रॅनाडा २, सेव्हिल ३, लिस्बन ३. विमानाची तिकिटं झालीयेत, बार्सिलोनात उतरायचं आणि लिस्बनहून परत यायचं. हॉटेलं सगळी कॅन्सल होणारी आहेत, आणि शेंगेन व्हिसाची, म्हणजे स्पेन-पोर्तुगालसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. आता मिस्टरांनी असं काढलंय की एवढं स्पेनपर्यंत जातोय, समुद्राच्या पलीकडे मोरोक्को दिसतो म्हणतात, तर ग्रॅनाडाच्या दोन आणि सेव्हिलची एक अशा तीन रात्री काढू आणि माराकेश अधिक वाळवंटातला एक मुक्काम उरकून टाकू. लेकीला ते निळं गाव हवंय, शेफशावेन. सासूबाई 'तुम्ही ठरवाल ते' म्हणतायत. आणि तुम्ही विचारताय की हे जमण्यासारखं आहे का, की हा हावरटपणा होतोय.

हावरटपणा अजिबात नाही. समोर दिसणाऱ्या दुसऱ्या खंडावर जावंसं वाटणार नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे फक्त १४ किलोमीटर आहे, त्यामुळे मिस्टर म्हणतायत ते खरंच आहे, समोरच आहे. माझं म्हणणं एवढंच की जा, पण जे काढायचं म्हणताय ते काढू नका, आणि जिथे जायचं म्हणताय तिथे या वेळी जाऊ नका.

पण आधी व्हिसाचं बोलते, कारण अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे आणि तिथे चूक झाली तर बाकी सगळं लिहिलेलं वाया.

शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा मिळाला आणि तुम्ही मोरोक्कोच्या बोटीत बसलात, की तो व्हिसा तिथेच संपला. स्टिकरवर तारीख शिल्लक असेल, दिवस शिल्लक असतील, त्याचा काही उपयोग नाही, कारण तुमची ती एक एंट्री वापरून झालेली असते, आणि मग लिस्बनला जाणाऱ्या विमानातच कुणी बसू देत नाही. तुमचं परतीचं तिकीट लिस्बनहून आहे हे लक्षात घ्या म्हणजे हे किती महागात पडेल ते कळेल. म्हणून फॉर्ममध्ये किती एंट्री हव्यात असा जो रकाना असतो तिथे मल्टिपल मागा, आणि नुसतं मागून थांबू नका, कव्हर लेटरमध्ये स्पष्ट लिहा की अमुक तारखेला स्पेनमधून बोटीने मोरोक्कोला जाणार आणि अमुक तारखेला विमानाने पोर्तुगालमध्ये परत येणार, आणि जोडलेल्या कार्यक्रमातही त्या तीन रात्री दाखवा. कारण दिसलं की देणाऱ्यालाही सोपं जातं. तुम्हाला तसं बघितलं तर दोनच एंट्री लागतात, बार्सिलोनाची एक आणि लिस्बनची एक, त्यामुळे स्टिकरवर २ आलं तरी काम झालं. पासपोर्ट परत आले की चौघांचे स्टिकर वेगवेगळे वाचा, एकाचा बघून बाकीचे तसेच असतील असं धरू नका. २०२४ च्या एप्रिलपासून युरोपियन युनियनने भारतीय पासपोर्टसाठी नियम थोडे सैल केलेत, मागच्या ३ वर्षांत २ व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर २ वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, पण तुम्ही चौघं पहिल्यांदाच चाललाय त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवू नका. अर्ज मात्र स्पेनकडेच राहील, मी खाली सांगतेय तसा प्लॅन बदलला तरी स्पेनच्या ७ रात्री होतात आणि पोर्तुगालच्या ३, म्हणजे तिथे काही उलटापालट होत नाही.

मोरोक्कोचा व्हिसा त्या मानाने सोपा आहे. २०२२ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, ३० दिवसांपर्यंत राहता येतं. तो प्रत्येकाचा वेगळा काढायचा, लेकीचासुद्धा, आणि शेंगेन हातात आल्यावरच काढायचा, आधी नाही. मोरोक्को सरकारच्या स्वतःच्या पोर्टलवरच करा, गुगलवर वर येणाऱ्या बऱ्याच साइट्स एजंटांच्या असतात आणि फी वाढवून घेतात. प्रिंट काढून सोबत ठेवा, मोबाइलवर दाखवू म्हणून जाऊ नका.

आता मिस्टरांचा प्लॅन. मी तो कागदावर मांडून बघितला, तुम्हीही त्यांच्यासोबत बसून मांडा, वाद घालायची गरजच पडणार नाही. पहिल्या दिवशी सेव्हिलहून विमानाने माराकेश, हॉटेलात पोचेपर्यंत संध्याकाळ. खरी वाळू, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतात तसे नारिंगी डोंगर, ती मर्झुगाला आहे, एर्ग शेब्बी म्हणतात त्या भागाला, आणि ते माराकेशपासून साधारण ५६० किलोमीटर आहे. मध्ये हाय अॅटलास पर्वत ओलांडायचा, २,२६० मीटरवरचा तिझी न तिश्का घाट, वळणावर वळण. गाडीने नऊ-दहा तास, थांबे धरले तर त्याहून जास्त. दुसरा दिवस असा संपला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून तोच रस्ता उलटा. चौथ्या दिवशी विमान. म्हणजे माराकेशमध्ये तुम्ही दोन रात्री झोपाल आणि बघाल काय तर विमानतळाचा रस्ता.

हे मी ऐकीव सांगत नाहीये, काही वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलंय. सकाळी सातला व्हॅन निघाली, घाटात मागच्या सीटवरच्या बाईंना इतका त्रास झाला की आम्ही चार वेळा थांबलो, एत बेनहद्दूला, जे खरं तर निवांत दोन-तीन तास बघायचं मातीच्या घरांचं जुनं गाव आहे, तिथे ड्रायव्हरने चाळीस मिनिटं दिली, आणि मर्झुगाला पोचलो तेव्हा पूर्ण अंधार. उंटावर बसलो ते टॉर्चच्या उजेडात. पहाटे मात्र मी एकटीच उठून टेकाडावर जाऊन बसले, आणि वाळूचा रंग आधी राखाडी, मग गुलाबी, मग नारिंगी होत गेला, कुठेही काहीही आवाज नाही, आणि तो तास माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी आहे, हे मी मनापासून सांगते. पण साडेसातला परत व्हॅन. त्या एका तासासाठी वीस तास गाडीत बसले, आणि मला ते झेपलं कारण तेव्हा गुडघे धड होते. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना दोन तास सलग बसलं की पाय धरतो. त्या 'ठरवाल ते' म्हणतायत म्हणजे त्यांना चालेल असं नाही ताई, तुम्हाला हे माहितीये, म्हणूनच तुम्ही पत्रात ते वाक्य घातलंय.

माराकेशजवळच वाळवंट आहे, तासाभरात नेतो, असंही कुणीतरी सांगेल. ते अगाफाय. छान आहे, मोकळं माळरान आहे, संध्याकाळी मागे अॅटलासची रांग दिसते, पण ते दगड-मातीचं आहे, वाळू नाही. हे माहीत असून गेलात तर आवडेल, वाळूच्या आशेने गेलात तर मिस्टर नाराज होतील. वाळवंट, माराकेश आणि फेस नावाचं जुनं शहर हे तिन्ही धरून मोरोक्कोची वेगळी सात-आठ दिवसांची ट्रिप करा कधीतरी, ते त्या लायकीचं आहे.

आणि ग्रॅनाडा का काढू नका म्हणते, त्याचं कारण जरा लांबून सांगावं लागेल, पण मला हा भाग फार जवळचा वाटतो म्हणून सांगतेच. तुम्ही ग्रॅनाडा-सेव्हिल एका बाजूला आणि मोरोक्को दुसऱ्या बाजूला ठेवून मोजताय, यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं. पण ती दोन टोकं एकाच गोष्टीची आहेत. बाराव्या शतकात हा समुद्र सीमा नव्हताच, दोन्ही काठांवर एकाच घराण्याचं, अलमोहादांचं राज्य होतं, आणि त्यांनी तीन मिनार बांधले, माराकेशचा कुतुबिया, रबातचा हसन, जो अर्धवटच राहिला, आणि सेव्हिलचा, ज्याला आज सगळं जग कॅथेड्रलचा घंटामनोरा, हिराल्दा, म्हणून ओळखतं. सख्खी भावंडं आहेत ती. त्यातल्या हिराल्दात वर जायला जवळपास पायऱ्या नाहीतच, चढते उतार आहेत, ३५, कारण अजान द्यायला जाणारा घोड्यावर बसून वर जाऊ शकावा अशी सोय होती म्हणतात. सासूबाईंना सावकाश, थांबत थांबत का होईना, पण जेवढं जमेल तेवढं वर नेता येईल, पायऱ्यांच्या मनोऱ्यात ते शक्यच नसतं.

मग १४९२ च्या जानेवारीत ग्रॅनाडाचा शेवटचा सुलतान बोअब्दिल आपल्या अल्हम्ब्रा राजवाड्याच्या किल्ल्या स्पेनच्या ख्रिश्चन राजा-राणीला देऊन निघून गेला, आणि पुढे त्याने आणि त्याच्यासारख्या हजारोंनी समुद्र ओलांडला. कुणी फेसला गेलं, कुणी तेतुआनला, कुणी शेफशावेनला. तुमच्या लेकीचं ते निळं गाव १४७१ मध्ये डोंगरातलं लष्करी ठाणं म्हणून वसलं आणि ते भरलं ते ग्रॅनाडाकडून आलेल्या मुसलमान आणि ज्यू कुटुंबांनी. तिथली कौलं, आतले चौक, पांढऱ्या भिंती हे सगळं अंदालुसियातून, म्हणजे दक्षिण स्पेनमधून, आलेलं, निळा रंग नंतरचा. म्हणजे ग्रॅनाडा गाळून शेफशावेन बघायचं हे असं झालं की कुणाच्या घरी गेलो, घर बघितलं, फोटो काढले, आणि ही माणसं कुठून आली ते विचारलंच नाही. अल्हम्ब्रा आधी बघा, अल्बैसिन या तिथल्या जुन्या वस्तीच्या चढाच्या गल्ल्यांमधून फिरा, आणि मग तिकडे गेलात की भिंतीवरच्या फरशांची तीच नक्षी, गिलाव्यात कोरलेली तीच पानं-फुलं दिसायला लागतील, आणि अकरावीतल्या मुलीला हे स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायला मिळणं याहून चांगला इतिहासाचा तास मला तरी माहीत नाही. अल्हम्ब्राची तिकिटं मात्र आत्ताच बघा, आतल्या नस्रिद, म्हणजे सुलतानांच्या, महालांमध्ये शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि ऑक्टोबरातही ती आधीच संपतात.

मग काढायचं काय? माद्रिद. मला माहितीये, प्रादो म्युझियमसाठी जीव तुटतो, पण माद्रिद हे असं शहर आहे की युरोपात पुन्हा कधीही गेलात तर वाटेत करता येतं, आणि या ट्रिपच्या गोष्टीत ते नुसतंच मध्ये येतंय. माद्रिदच्या दोन आणि सेव्हिलची एक अशा तीन रात्री झाल्या. बार्सिलोनाहून सरळ ग्रॅनाडाला विमान घ्या, दीड तास, ट्रेनने सहा तासांच्या वर लागतात. ग्रॅनाडा दोन रात्री, तिथून ट्रेनने सेव्हिल दोन रात्री, मग तीन रात्री टँजिअर, मग लिस्बन. टँजिअरच का, तर ते बोटीच्या धक्क्याला लागूनच आहे, उतरलात की शहरातच उतरता, आणि तिथून मागे फिरावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलेलं आहे. बहुतेक लोक बोटीने जातात आणि बोटीनेच परत स्पेनला येतात, त्यात अख्खा एक दिवस जातो. तुम्ही पुढेच जायचं. टँजिअरहून कासाब्लांकाला अल बोराक नावाची हायस्पीड ट्रेन आहे, २०१८ मध्ये सुरू झाली, आफ्रिकेतली पहिली, ताशी ३२० किलोमीटरपर्यंत जाते, आणि दोन तास दहा मिनिटांत कासाब्लांकाला सोडते. त्याच स्टेशनातून विमानतळाची ट्रेन, आणि कासाब्लांका ते लिस्बन विमान साधारण दीड तासाचं. सासूबाईंना विचाराल तर ट्रेनमध्ये मधेच उठून चार पावलं टाकता येतात, त्यामुळे यातलं कुठल्याही टप्प्याचं बसणं त्यांना जड जाणार नाही, एक सोडून.

तो एक म्हणजे सेव्हिल ते तारिफा, जिथून टँजिअरची बोट सुटते ते स्पेनचं बंदर, बसने तीन तासांच्या आसपास. तिथे गाडी भाड्याने ड्रायव्हरसकट घेतलीत तर मध्ये थांबत जाता येईल, चौघांत तो खर्च करण्यासारखा आहे. आणि लक्ष द्या, बोट तारिफाहूनच घ्या. शेजारच्या अल्हेसिरासहून जास्त बोटी सुटतात म्हणून लोक तिथून बुक करतात, पण त्या टँजर मेड नावाच्या बंदराला लागतात आणि ते शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे. तारिफाची बोट टँजर विल, म्हणजे गावातल्या बंदराला लागते, तासाभरात. तारिफाचा वैताग एकच, वारा. लेवांते म्हणतात त्या पूर्वेच्या वाऱ्याला, तो सुटला की बोटी रद्द होतात, आणि तो ऑक्टोबरातही सुटतो. तसं झालं तर अल्हेसिरासला जाऊन तिथल्या मोठ्या बोटीने जायची तयारी ठेवा, आणि म्हणूनच दिवसातली शेवटची बोट कधीही बुक करू नका, दुपारची धरा, हातात काही तास राहू द्या. मोरोक्कोचा शिक्का बऱ्याचदा बोटीतच मारतात, त्यामुळे चढल्या चढल्या आधी रांगेत उभं राहा, समुद्र नंतर बघा, नाहीतर उतरताना सगळी बोट रिकामी होते आणि आपण उभेच. स्पेन सोडताना आणि पोर्तुगालमध्ये शिरताना आता फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करतात, २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती नवी पद्धत आलीये, रांगा वाढल्यात, वेळ धरून चला. आणि घड्याळ: तुम्ही जाल तेव्हा मोरोक्को स्पेनच्या एक तास मागे असेल, लिस्बनची वेळ मात्र मोरोक्कोचीच, त्यामुळे एकदाच बदला.

टँजिअरला लोक माराकेशपेक्षा कमी समजतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. १९२३ पासून १९५६ पर्यंत हे शहर कुठल्याच एका देशाचं नव्हतं, अनेक देश मिळून चालवायचे, आणि त्या सरमिसळीची चव अजून रस्त्यांत आहे, पाटी अरबीत, बोलणं फ्रेंचमध्ये, दुकानदार स्पॅनिशमध्ये हाक मारणार. आणि आपल्यासाठी तर एक खास धागा आहे. इब्न बतूता इथला. १३०४ चा जन्म, २१ व्या वर्षी घरातून निघाला आणि फिरत फिरत दिल्लीत महंमद तुघलकाच्या दरबारात काझी झाला, पुढे दौलताबादला आला आणि मराठ्यांबद्दलही लिहून ठेवलं त्याने. मेदिनाच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, गल्लीत त्याची म्हणून एक छोटीशी कबर दाखवतात, दोन मिनिटांची जागा आहे, पण मी तिथे उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला, सातशे वर्षांपूर्वी इथला एक पोरगा आपल्या गावांपर्यंत चालत-बोटीने आला आणि मी आज बोटीने इकडे आले. विमानतळालाही त्याचंच नाव आहे.

पहिली संध्याकाळ काही करू नका, ग्रँड सोक्को चौकात बसा. रीफ डोंगरातल्या बायका गोंडे लावलेल्या गवती टोप्या आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वस्त्रं नेसून भाजी आणि चीज विकायला येतात, सासूबाईंना ते बघायला आवडेल. दुसरा पूर्ण दिवस टँजिअरचाच: सकाळी कसबा, म्हणजे जुना किल्ला, आणि तिथलं म्युझियम, दुपारी गाडीने केप स्पार्टेल, जिथे अटलांटिक आणि भूमध्य समुद्र भेटतात, १८६४ चं दीपगृह आहे, जवळच हर्क्युलिसची गुहा, जिचं समुद्राकडचं तोंड आफ्रिकेच्या नकाशासारखं दिसतं. संध्याकाळी कॅफे हाफा, १९२१ पासून चालू आहे, उतरत्या गच्च्यांवर बसून पुदिन्याचा चहा आणि समोर स्पेन. कालच तुम्ही तिकडून इकडे बघत होता. तिथे मात्र पायऱ्या आहेत, सासूबाईंना वरच्याच गच्चीवर बसवा.

तिसरा दिवस लेकीचा. शेफशावेन टँजिअरपासून साधारण ११५ किलोमीटर, डोंगराचा रस्ता, अडीच तास जायला, अडीच यायला. आठलाच निघालात तर दुपारी चार-पाच तास मिळतात. सासूबाईंना त्या दिवशी सक्तीने नेऊ नका, तिथल्या सगळ्या गल्ल्या चढाच्या आहेत. एकाने त्यांच्यासोबत टँजिअरलाच थांबावं, समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे, आणि तो एक जण मिस्टर असले तर मला फार बरं वाटेल, तुम्ही आणि लेक मिळून जा. चौघांनीच जायचं असेल तर मग शेफशावेनऐवजी तेतुआन धरा, साठेक किलोमीटर, ग्रॅनाडाच्या लोकांनी नव्याने उभं केलेलं शहर, पर्यटक फार कमी, आणि मेदिना युनेस्कोच्या यादीत आहे. पण मग लेकीला आधी सांगा, तिथे गेल्यावर नको.

राहायचं कुठे यावर एकच. जुन्या घरांतले रियाद, म्हणजे मध्ये चौक असलेली छोटी हॉटेलं, फोटोत फार सुंदर दिसतात, पण जिने अरुंद आणि पायऱ्या उंच, लिफ्ट नसते, आणि गाडी दारापर्यंत येत नाही. बुक करायच्या आधी मेसेज करून तळमजल्याची खोली आहे का आणि गाडी किती जवळ येते हे दोन प्रश्न विचारा. उत्तर गोलगोल आलं तर सरळ मेदिनाबाहेरचं लिफ्टवालं हॉटेल घ्या, काही कमीपणा नाही त्यात. टॅक्सीचंही तसंच, लहान टॅक्सीत, पेटी टॅक्सी म्हणतात तिला, तीनच माणसं बसवतात, तुम्ही चौघं, त्यामुळे मोठी टॅक्सी बघावी लागेल किंवा हॉटेलला गाडी सांगा.

जेवणाचं तुम्ही विचारलंय, सासूबाई शाकाहारी आहेत म्हणून. भाज्यांचं ताजिन, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेली रस्साभाजी, आणि सात भाज्या घातलेला कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले दाणे, सगळीकडे मिळतो, पण रस्सा कधीकधी मटणाच्या पाण्यातला असतो, आणि हरीरा सूपमध्ये बऱ्याचदा मांस असतंच. 'बला लहम', म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द पाठ करून घ्या, आणि रस्सा कशाचा हेही विचारा. टँजिअरला सकाळी बिसारा मिळतो, सुक्या बाकल्याचं, म्हणजे वालासारख्या कडधान्याचं, दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड, सोबत गरम रोटी. सासूबाईंची न्याहारी झाली समजा. झालूक म्हणजे वांग्या-टोमॅटोचं भरतासारखं, तेही निश्चिंत खाता येतं. पाणी बाटलीचंच.

बाजारात 'रस्ता बंद आहे, इकडून चला' म्हणत कुणी सोबत चालायला लागलं तर हसून 'ला, शुक्रान', म्हणजे 'नको, धन्यवाद', म्हणायचं आणि आपल्या रस्त्याने जायचं, थांबून समजावत बसायचं नाही. गाइड हवाच असेल तर हॉटेलकडून बिल्लावाला घ्या. लेकीला आधीच सांगून ठेवा की हाका मारतील, मागे लागतील, घाबरायचं नाही आणि उत्तर द्यायचंही बंधन नाही. माणसांचे फोटो विचारूनच.

दिरहम, म्हणजे मोरोक्कोचे पैसे, बाहेर मिळवायच्या भानगडीत पडू नका, देशाबाहेर नेण्या-आणण्यावर बंधन आहे, उतरल्यावर एटीएममधून काढा, एका युरोला दहा-अकरा दिरहम असं डोक्यात धरा, आणि कासाब्लांकाच्या विमानतळावर उरलेले संपवा. युरोपचं ई-सिम बहुतेक वेळा मोरोक्कोत चालत नाही, आणि शेंगेनसाठी काढलेला इन्शुरन्सही नुसता शेंगेनपुरता असू शकतो, पॉलिसीवर मोरोक्को येतंय का ते सासूबाईंसाठी तरी नक्की बघा. मिस्टरांकडे ड्रोन असेल तर घरीच ठेवायला सांगा, मोरोक्कोच्या कस्टम्समध्ये काढून घेतात.

आणि समजा पासपोर्ट परत आले आणि चौघांतल्या एकाचा जरी सिंगल एंट्री निघाला, तर मोरोक्को रद्द, त्यावर चर्चा नको, 'बघू, होईल काहीतरी' तर अजिबात नको. म्हणूनच हॉटेलं आणि बोट तोवर कॅन्सल होणारीच ठेवा, आणि कासाब्लांकाचं विमान तर व्हिसा बघितल्याशिवाय काढूच नका. तसं झालं तर त्या तीन रात्री माद्रिदला परत देऊ नका. एक कोर्दोबाला द्या, त्या मशिदीतले लाल-पांढऱ्या कमानींचे साडेआठशेच्या आसपास खांब बघायला, आणि दोन तारिफाला. वारा नसला की तिथल्या किनाऱ्यावरून पलीकडचा जबल मूसा डोंगर इतका स्पष्ट दिसतो की त्याच्या अंगावरच्या घळी मोजता येतात, आणि संध्याकाळी पलीकडच्या गावांतले दिवे लागतात. सासूबाईंना खुर्ची टाकून बसवा तिथे, शेजारी लेकीला बसवा, आणि ग्रॅनाडाहून निघालेली ती माणसं कुठे गेली ते बोट दाखवून तिला सांगा.